सुरुवात पिशवीतल्या गोळ्यांपासून: ज्येष्ठ मनोरुग्णांसाठी परिचारिकेचे केस मॅनेजमेंट

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील एका वाडीवरची ७१ वर्षांची आजी उदाहरणासाठी धरू. उदाहरण कल्पित आहे. पण ग्रामीण भागात मानसिक आरोग्याचे काम केलेल्या कोणाही सिस्टरला त्यातला एकही तपशील अनोळखी वाटणार नाही. आजींना वीस वर्षांपासून बायपोलर आजार आहे, म्हणजे उन्माद आणि उदासीनता आलटून पालटून येतात, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेल्या लिथियमच्या गोळ्यांवर त्या बऱ्यापैकी सावरलेल्या आहेत. रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळते. गुडघे फारच दुखू लागले की थोरली सून बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी घेऊन येते. दिवाळीनंतर चार महिने पाळीप्रमाणे आजी पिंपरीला धाकट्या मुलाकडे राहतात, आणि तिथे झोप येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून आणखी एक गोळी चालू होते.

मानसोपचारतज्ज्ञांना गुडघ्याची गोळी ठाऊक नाही, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना लिथियमचा पत्ता नाही, मेडिकलवाल्याने दोन्हींबद्दल विचारलेले नाही आणि धाकट्या मुलाला आईचा आजार ‘डोक्याचा थोडा त्रास’ एवढाच माहीत आहे. यातल्या प्रत्येकाने आपापले काम बरोबर केले, तरी आजी अतिदक्षता विभागात पोहोचू शकतात. हे सगळे धागे एका हातात आणण्याचे काम म्हणजे केस मॅनेजमेंट होय, आणि ते परिचारिकेइतके नीट दुसऱ्या कोणाला जमत नाही, कारण औषध, शरीर आणि घर या तिन्ही गोष्टी जवळून पाहणारी तीच एक व्यक्ती असते.

हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला. अमेरिकेतली मोठमोठी मनोरुग्णालये रिकामी होऊ लागली, रुग्ण शहरांत विखुरले आणि त्यांच्या मागे कोणी उरले नाही, तेव्हा या पद्धतीची गरज तिथे पडली. आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे. इथे बहुतेक ज्येष्ठ रुग्णांच्या मागे घर असते. अडचण असते ती घर थकलेले असण्याची, घरात एकमत नसण्याची आणि कधी कधी घरच त्रासाचे मूळ असण्याची. त्यामुळे परदेशी पुस्तकातला आराखडा जसाच्या तसा उचलला, तर पहिल्याच भेटीत तो अपुरा पडतो.

केस कोणाची घ्यायची

ओपीडीत येणाऱ्या साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला केस मॅनेजर लागत नाही. ज्यांचा आजार स्थिर आहे, औषध देणारा डॉक्टर एकच आहे आणि घरात लक्ष देणारे माणूस आहे, त्यांना महिन्याची नेहमीची भेट पुरते. आपला वेळ राखून ठेवावा तो पुढील रुग्णांसाठी: जे महिन्याभरात मनोरुग्णालयातून किंवा मानसोपचार विभागातून घरी आले आहेत, ज्यांना दोन किंवा अधिक ठिकाणांहून औषधे मिळतात, जे एकटे किंवा तितक्याच थकलेल्या जोडीदारासोबत राहतात, ज्यांनी पूर्वी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला आहे, आणि ज्यांना स्मृतिभ्रंशासोबत संशय, भटकणे किंवा रात्रीचा आरडाओरडा असा वर्तनाचा त्रास आहे. माझे मत विचाराल, तर एका परिचारिकेने अशा पंचवीस-तीस केसपेक्षा जास्त घेऊ नयेत. नोंदवहीत शंभर नावे असणे आणि शंभर माणसे माहीत असणे यांत फरक आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका असे पथक अपेक्षित असते. प्रत्यक्षात एखादे पद रिकामे असते आणि समाजसेवकाचे काम सिस्टरकडे येते. केस घेतानाच कोणते काम कोण करणार हे नावानिशी लिहून ठेवावे. ‘टीम पाठपुरावा करील’ असे लिहिलेला पाठपुरावा सहसा कोणीच करत नाही.

पहिली घरभेट

पहिल्या भेटीसाठी निदान दीड-दोन तास राखून ठेवावेत आणि शक्यतो सकाळी जावे, म्हणजे आजीचे उठणे, अंघोळ, गोळ्या घेणे आणि न्याहारी डोळ्यांनी पाहता येते. जाताना आशाताईंना सोबत घेतले, तर दार लवकर उघडते. परंतु आशाताई त्याच वाडीतल्या असतात, हेही लक्षात ठेवावे. आजाराबद्दलचे बोलणे त्यांच्यासमोर करायचे की नाही, हे आजीला विचारूनच ठरवावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, तो रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि वाडीवर हा हक्क शहरापेक्षा अधिक जपावा लागतो.

घरात गेल्यावर मुलाशी किंवा सुनेशी बोलणे सुरू करण्याचा मोह होतो, कारण ते भराभर माहिती देतात. तो टाळावा. आधी आजीजवळ, तिच्या नजरेच्या पातळीवर बसावे, आपले नाव सांगावे आणि ‘आजी, मी सिस्टर. तुमच्या गोळ्यांचं आणि तब्येतीचं बघायला आलेय, बसू का थोडा वेळ?’ असे विचारावे. ऐकू येते का, दिसते का, हे पहिल्या पाच मिनिटांत तपासून घ्यावे. कानात मळाचा खडा बसलेल्या आजोबांना ‘संशयी झालेत’ आणि मोतीबिंदू पिकलेल्या आजींना ‘विसराळू झाल्यात’ असे शेरे सहज मिळतात.

निदान दहा मिनिटे आजीशी एकटीने बोलता यावे, अशी सोय करावी. सुनेला दुखवायचे नाही आणि आजीला मोकळेही करायचे आहे, तेव्हा ‘ताई, तोवर आजींच्या सगळ्या गोळ्या एका जागी आणता का?’ असे सांगितले, की दोन्ही साधते.

आणि मग ती पिशवी येते. बहुधा साडीच्या दुकानाची नायलॉनची पिशवी असते. चटईवर वर्तमानपत्र अंथरून ती पूर्ण रिकामी करावी. नुसते ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत’ असे विचारून थांबू नये. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, ज्यांवरचे नाव असलेला भागच कापून गेलेला आहे, मुदत संपलेली डोळ्यांची औषधे, नवऱ्याच्या शेवटच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्ण, मिश्रीची डबी. प्रत्येक गोळी हातात घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात: ही कोणी दिली, तुम्ही ती कशासाठी घेता आणि काल घेतली का. उत्तरे आजीच्या शब्दांतच लिहावीत. ‘ही डोकं शांत ठेवायची, ही लालवाली ताकदीची, आणि ही दुखलं तरच’ या एका वाक्यात पुढच्या योजनेचा निम्मा आधार मिळतो.

आमच्या आजींच्या पिशवीतून काय निघाले, ते पाहू. लिथियमची लांबकाळ काम करणारी, म्हणजे एसआर, गोळी. रक्तदाबाच्या पट्टीवर ‘टेल्मिसार्टन-एच’ असे लिहिलेले. त्यातला ‘एच’ म्हणजे लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड. डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी. पिंपरीहून आलेली झोपेची गोळी, अल्प्राझोलाम. शिवाय आरोग्य केंद्रात रक्तदाबासाठी दिलेला सल्ला सुनेने मनापासून पाळलेला: ‘मीठ एकदम बंदच केलंय, सिस्टर.’

लिथियम मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडते आणि त्याची वाट सोडियमच्या वाटेशी जोडलेली आहे. शरीरात मीठ किंवा पाणी कमी झाले, की मूत्रपिंड सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवते. थायझाइड, टेल्मिसार्टनच्या गटातली औषधे आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या या तिन्ही रक्तातले लिथियम वाढवतात. वयामुळे मूत्रपिंडांची ताकद आधीच उतरलेली असते. त्यात माणचा मे महिना, किंवा आषाढी एकादशीचा उपवास आणि दुसऱ्या दिवशीचे जुलाब एवढे निमित्त पुरते. हात पूर्वी बारीक थरथरायचे ते आता ठळकपणे थरथरू लागतात, चाल डगमगते, जीभ जड होते, उलटी-जुलाब होतात, गुंगी येते. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ गावातला कोणी म्हणतो, ‘जुना आजार उलटला.’ ही लक्षणे दिसली तर पुढचा डोस देऊ नये, डॉक्टरांना लगेच फोन करावा आणि त्याच दिवशी रक्तातील लिथियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे, हे दाखवणारा घटक) व सोडियम तपासण्यासाठी रुग्णाला पाठवावे.

एरवी लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तात पाहायची असते. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, हे आदल्या दिवशी फोन करून सांगावे लागते. केवळ कागदावर लिहून दिले, तर आजी शिस्तीने गोळी घेऊनच येतात आणि अहवाल दिशाभूल करतो. वृद्धांत ही तपासणी दर तीन महिन्यांनी, आणि मूत्रपिंड व थायरॉइडच्या तपासण्या निदान सहा महिन्यांनी व्हाव्यात.

पिशवीतल्या इतर काही गोष्टींकडेही डोळा असावा. उदासीनतेवरचे अमिट्रिप्टिलिन आणि मानसिक औषधांमुळे आलेल्या ताठरपणावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधे एकाच वेळी चालू असलेल्या आजोबांची लघवी तुंबते, शौचाला होत नाही, तोंड कोरडे पडते आणि मग भ्रम होतो. झोपेची गोळी पडण्याचा धोका वाढवते, पण ती वर्षानुवर्षे चालू असेल तर परिचारिकेने किंवा मुलाने एका दिवसात बंद करणे त्याहून धोक्याचे असते; ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखे उदासीनतेवरचे औषध नव्याने सुरू झालेली वृद्ध स्त्री पहिल्या काही आठवड्यांत अचानक मलूल झाली, तर रक्तातले सोडियम उतरल्याची शंका घ्यावी. सोबत थायझाइड असेल तर अधिकच. लिथियम एसआर किंवा व्हॅल्प्रोएटची लांबकाळ काम करणारी गोळी कुटून भाकरीत मिसळू नये, कारण सगळे औषध एकदम रक्तात उतरते. न सांगता अन्नातून औषध देण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. ती दिसली तर सुनेवर ओरडण्यात अर्थ नाही. ‘आजी गोळी का नाकारतात’ हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि तो डॉक्टरांसमोर उघडपणे मांडावा लागतो.

शेवटी रक्तदाब मोजावा, तोही दोनदा. पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा, आणि उभे केल्यावर एक व तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री लघवीला उठताना आजी पडणार, असे धरून चालावे. खाट ते संडास हे अंतर स्वतः चालून पाहावे: दिवा कुठे आहे, उंबरा किती उंच आहे, मोरी ओली असते का.

मनाचे आहे की शरीराचे

ज्येष्ठांच्या बाबतीत एक नियम मी न मोडण्याचा प्रयत्न करते: वागणे अचानक बदलले, तर आधी शरीर तपासायचे. कालपर्यंत बरे असलेले आजोबा आज संध्याकाळपासून असंबद्ध बोलू लागले, कधी गुंगीत तर कधी खवळलेले दिसले, तर तो जुन्या स्किझोफ्रेनियाचा उद्रेक समजू नये. तो तीव्र भ्रम, म्हणजे डेलिरियम, असण्याची शक्यता मोठी असते आणि मुळाशी लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, पाण्याची कमतरता, कोंडलेले शौच किंवा नवे औषध सापडते. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. बदल तासांत किंवा दिवसांत झाला का, दिवसभरात कमी-जास्त होतो का, आणि लक्ष टिकते का? लक्ष पाहण्यासाठी रविवार, शनिवार, शुक्रवार असे वार उलटे म्हणायला सांगावे. स्मृतिभ्रंश महिन्यावर्षांत हळूहळू येतो आणि सुरुवातीच्या काळात लक्ष बऱ्यापैकी शाबूत असते. उदासीनतेत माणूस ‘मला काहीच आठवत नाही’ असे स्वतःच सांगतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा विसरणे झाकतो.

स्मरणशक्तीच्या चाचण्या वापराव्यात, पण आंधळेपणाने नव्हे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीला ‘एक वाक्य लिहा’ असे सांगून गुण कापणे हा अन्याय आहे. निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी तयार झालेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, म्हणजे एचएमएसई, ही चाचणी आपल्याकडे त्यापेक्षा जवळची आहे. गप्पांतूनही बरेच कळते: आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, आत्ता कोणता मराठी महिना चालू आहे, पन्नासची नोट देऊन तीस रुपयांची मेथी-कोथिंबीर घेतली तर परत किती यायला हवेत. उदासीनतेसाठी १५ प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल आहे; त्यात ५ पेक्षा जास्त गुण आले तर पुढे तपासावे. दैनंदिन कामांसाठी कॅट्झची सहा कामे पुरतात: अंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून उठणे, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. आकडे फायलीत लिहावेत, पण त्यांच्यापेक्षा उपयोगी पडते ती सुनेची माहिती: ‘पूर्वी पहाटे उठून अंगण झाडायच्या, आता उन्हं वर आली तरी पडूनच असतात.’

आपल्या ज्येष्ठांच्या तोंडी ‘डिप्रेशन’ हा शब्द येत नाही. जीव लागत नाही, अन्नावर वासना नाही, अंग जड पडलंय, छातीत नुसतं धडधडतंय, पोटात आग पडते अशी भाषा असते, आणि म्हणून हे रुग्ण वर्षभर ईसीजी व अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत फिरत राहतात.

‘देवानं आता न्यावं’

हे वाक्य म्हाताऱ्या माणसांकडून इतके ऐकू येते, की आपण ते ऐकेनासे होतो. सत्तरीच्या माणसाने असे म्हणणे प्रत्येक वेळी आजार नसते. कधी तो नुसता सुस्कारा असतो, कधी सुनेला मारलेला टोमणाही असतो. परंतु नेमके काय आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. पायरीपायरीने जावे. ‘आजी, देवानं न्यावं असं रोज वाटतं का कधीमधी?’ मग, ‘असं कधी मनात येतं का, की आपणच काहीतरी करून टाकावं?’ उत्तर होकारार्थी आले, तर ‘काय करावं असं वाटतं?’ आणि ‘ते घरात आहे का?’ हे शेवटचे दोन प्रश्न टाळू नयेत, कारण पुढची कृती त्यांवरच ठरते.

शेतकरी घरात उत्तर बहुधा कोनाड्यात उभे असते: फवारणीच्या औषधाची बाटली. ती घरातून बाहेर, कुलपाच्या पेटीत जावी आणि किल्ली रुग्णाच्या हाती नसावी. पिशवीतल्या जुन्या गोळ्या त्याच दिवशी बाहेर काढाव्यात. लिथियम आणि अमिट्रिप्टिलिन जास्त प्रमाणात घेतल्यास जिवावर बेतते, म्हणून महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या देण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे आणि त्या घरातल्या एका ठरलेल्या माणसाच्या ताब्यात ठेवाव्यात. बेत आणि साधन दोन्ही असतील, तर रुग्णाला एकटे सोडू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. रात्री-अपरात्री आधारासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनाशुल्क चालू असतो. तो घरातल्या फोनमध्ये आपण स्वतः भरून द्यावा. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक धोक्याचे असतात. त्यामुळे डिस्चार्जनंतर सात दिवसांच्या आत घरभेट झालीच पाहिजे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन.

योजना एका पानाची

तपासणी झाली, की योजना लिहायची. चार-पाच मुद्द्यांपेक्षा लांब योजना कोणी वाचत नाही, तेव्हा एका पानाचा नियम पाळावा. प्रत्येक मुद्द्यासमोर काम, करणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. आमच्या आजींची योजना साधारण अशी होईल: चारही औषधांची यादी दोन्ही डॉक्टरांपर्यंत परिचारिकेने याच आठवड्यात पोहोचवणे, डॉक्टरांचा निर्णय होईपर्यंत डायक्लोफेनॅक बंद ठेवून गुडघ्यांना शेक आणि विचारून घेतलेली पॅरासिटामॉल, मीठ ‘बंद’ नव्हे तर ‘बेताचे आणि रोज तेवढेच’, दिवसभराचे पाणी एका ठरलेल्या तांब्याने मोजणे, सोमवारी रक्ततपासणी. याखाली आजींची स्वतःची एक मागणी लिहावी. बहुतेक वेळा ती औषधांशी संबंधित नसते. ‘मला पंढरीला एकदा नेऊन आणा’ अशी मागणी असेल, तर तीच योजनेतली सर्वांत प्रभावी ओळ असते, कारण तिच्यासाठी आजी बाकीच्या चार ओळी पाळतात. उपवास मोडा, असे सांगून वाद ओढवण्यापेक्षा ‘एकादशीला ताक, लिंबू-सरबत, भगर आणि शेंगदाण्याची आमटी चालेल, पण निर्जळी नको’ असे सांगावे.

गोळ्यांसाठी वाचता न येणाऱ्यांना सूर्य आणि चंद्र काढलेली पाकिटे चालतात. मात्र सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली, की गोळीचा रंग बदलतो आणि रंगाने गोळी ओळखणारी आजी नवी गोळी ‘चुकीची’ म्हणून फेकून देते. म्हणून औषध वाटपाच्या दिवशी रंग बदलला आहे का, हे पाहून तसा निरोप द्यावा.

दुसऱ्या पानावर बिघाडाच्या खुणा लिहाव्यात, आणि त्याही त्या माणसाच्याच. आमच्या आजींचा उन्माद कसा सुरू होतो, हे सुनेला पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक असते: रात्री तीनला उठून भांडी घासणे, पेटीतल्या साड्या वाटायला काढणे, माहेरच्या जमिनीचा जुना दावा पुन्हा उकरणे. यातल्या दोन खुणा सलग दोन रात्री दिसल्या तर कोणाला फोन करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे. बाहेर नको, कारण पाहुणे वाचतात.

‘लोकांत मिसळावे’ हा सल्ला योजनेत फार बेफिकिरीने लिहिला जातो. विधवा आजीला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, हे आपण विसरतो. तिच्यासाठी भजनी मंडळ, हरिपाठ, अंगणवाडीत बसून शेंगा सोलणे किंवा ज्येष्ठ नागरिक संघ यांपैकी प्रत्यक्षात काय उघडे आहे, हे आधी पाहून मग लिहावे.

सांभाळणाऱ्या माणसाची केस

रुग्णाची फाइल एक असली, तरी घरात केस दोन असतात. सांभाळणारी सून रात्री किती वेळा उठते, तिच्या पाठीचे काय, तिने शेवटचे माहेर कधी पाहिले, हे प्रत्येक भेटीत विचारावे. झरिटच्या प्रश्नावलीतून काळजीवाहकाचा ताण मोजता येतो, पण ‘ताई, तुम्ही कशा आहात?’ एवढे विचारून थांबले, तरी डोळ्यांत पाणी येते. कोणी थकून आजोबांना खाटेला बांधत असेल, तर साखळदंडाने जखडण्यास कायद्याने बंदी आहे, हे स्पष्ट सांगावेच. पण ते सांगून निघून येऊ नये. भटकण्यावर दाराला वरची कडी, हातात नाव-पत्ता आणि फोन नंबर असलेले कडे, दुपारी जागते ठेवणे आणि वेदना किंवा लघवीची तक्रार शोधणे असा प्रत्यक्ष पर्याय दिला, तरच दोरी सुटते.

छळाच्या खुणाही पाहाव्यात: दंडावरचे वळ, नखे न काढलेली, पेन्शनच्या पैशांबद्दल विचारताच आजींनी दाराकडे पाहणे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासंबंधी २००७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, आणि सांभाळण्याच्या अटीवर नावावर करून दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. सही करायची की नाही, हे मात्र आजीच ठरवील. मानसिक आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही, असे कायदा मानत नाही. माहिती समजणे, परिणाम उमगणे आणि निर्णय कळवता येणे यावर ती ठरते, आणि निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो एवढ्यावरून ती नाकारता येत नाही. बरे वाटत असताना आजीने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचारांच्या निर्णयांत तिला साथ देणारे माणूस, कोण, हे लिहून ठेवले, तर पुढच्या बिघाडाच्या वेळी दोन मुलांमधला वाद वाचतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वांत लवकर विश्वास मिळवून देते. ६५ वर्षांपुढील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना, सत्तरी पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मान कार्ड, मानसिक आजारामुळे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास त्याचे प्रमाणपत्र आणि तपासणीला जाताना एसटीचे अर्धे तिकीट, पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास. हयातीचा दाखला वेळेत न दिल्याने पेन्शन थांबले, की औषधही थांबते. म्हणून दाखल्याचा महिना योजनेतच लिहून ठेवावा.

डॉक्टरांना फोन, फायलीत नोंद

व्यस्त डॉक्टरांना ‘सर, आजींना बरं नाहीये’ असा फोन करून काही मिळत नाही. फोन असा असावा: ‘सर, लिथियमवर असलेल्या ७१ वर्षांच्या आजींबद्दल बोलतेय. कालपासून तीन वेळा जुलाब, आज चालताना तोल जातोय, हात जोरात थरथरतायत. सोबत टेल्मिसार्टन-एच आणि गेल्या आठवड्यात डायक्लोफेनॅक घेतलंय. रक्तदाब झोपून १२४, उभं राहून ९८. आज सकाळची लिथियम दिलेली नाही. त्यांना आत्ता उपजिल्हा रुग्णालयात पाठवते. लिथियम, क्रिएटिनिन, सोडियमसाठी चिठ्ठी द्याल का?’ एका मिनिटात हे संपते आणि निर्णयाला लागणारे सगळे त्यात आहे. मिळालेला आदेश परत वाचून दाखवावा आणि वेळेसह लिहावा.

नोंदीतही ‘रुग्ण स्थिर, औषधे चालू’ असे लिहू नये. ‘भाकरी अर्धी, ताक एक वाटी, रात्री चार तास झोप, १४ पैकी ११ पाकिटे रिकामी, स्वतःहून नातवाबद्दल बोलल्या’ अशी नोंद पुढच्या महिन्यात तुलना करू देते.

पाठपुरावा, पाळी आणि केस बंद करणे

पहिला महिनाभर आठवड्याला एक संपर्क, त्यातला निदान एक आड एक प्रत्यक्ष. पुढे पंधरवड्याने, मग महिन्याने, असा वेग मला बरा वाटतो. औषध बदलले, घरात मृत्यू झाला किंवा रुग्णालयवारी झाली, की पुन्हा पहिल्या वेगावर यावे.

सर्वांत जास्त केस हातातून सुटतात त्या आजी धाकट्याकडे जातात तेव्हा. जाण्याआधीच्या आठवड्यात एक घडी घातलेला कागद तयार करावा: आजार, औषधांची नावे आणि वेळा, कोणती वेदनाशामक द्यायची नाही, पुढच्या रक्ततपासणीची तारीख, बिघाडाच्या खुणा, दोन फोन नंबर. तो पिशवीत नव्हे, तर आजींच्या बटव्यात ठेवावा, कारण पिशवी सूनबाई भरतात आणि बटवा आजी सोडत नाहीत. पिंपरीच्या मुलाशी फोनवर स्वतः बोलावे, आणि तिथे जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार ओपीडीचा वार त्याला सांगावा.

केस बंद करण्याची कारणे चार: सहा महिने स्थिर राहून नेहमीच्या ओपीडीवर जाणे, दुसऱ्या पथकाकडे सोपवणे, रुग्णाने समजून-उमजून नकार देणे, आणि मृत्यू. पहिल्या तिन्हींत शेवटची भेट घरी घ्यावी आणि पुन्हा दार कसे ठोठवायचे, ते सांगून यावे. मृत्यूनंतर दहावे-तेरावे उरकले, की एकदा जावे. सुनेशी बोलावे, तिच्या झोपेचे विचारावे, पेन्शन बंद करण्याच्या अर्जाचे पाहावे, आणि निघताना ती पिशवी मागून घ्यावी. उरलेल्या लिथियमच्या आणि झोपेच्या गोळ्या मोजून, नोंद करून, त्या औषध भांडारात जमा करायच्या असतात.